गोपाल ढोकणेचा दर्जा

अकोल्याच्या कौलखेड भागातल्या एका मैदानावर पावसाळा सोडून दर रविवारी सकाळी सहाला अठ्ठेचाळीस माणसं व्हॉलीबॉल खेळायला जमतात. चाळिशी उलटल्याशिवाय तिथं नाव लागत नाही. कुणी एसटीचा ड्रायव्हर, कुणी तहसिलातला बाबू, कुणी किराणावाला, कुणी कृषी विद्यापीठातला. घरी गव्हाचं पोतं सरकवायला सांगितलं की ज्यांच्या कमरेत कळ येते, तीच माणसं इथं चेंडूसाठी मातीत लोळण घेतात आणि सोमवारी लंगडत कचेरीत जातात. असो. माणसाला कुठंतरी तरुण राहायला जागा लागते.

पण अठ्ठेचाळीस माणसं म्हणजे अठ्ठेचाळीस तऱ्हा. लीग सुरू झाली त्या पहिल्या वर्षी सगळे दांडगे खेळाडू एकाच संघात जमले. त्यांनी बाकीच्यांना असं धुऊन काढलं की संक्रांतीपर्यंत अर्धं मैदान ओस पडलं. रविवारची झोप मोडून हरायला कोण येतो? तेव्हा धर्मपाल तायडेनं दर्जाची पद्धत काढली. प्रत्येक गड्याला अ, ब, क, ड यांपैकी एक दर्जा. अ म्हणजे चार गुण, ब म्हणजे तीन, क म्हणजे दोन, ड म्हणजे एक. आठ जणांच्या संघाची बेरीज वीसच्या वर जाता कामा नये. बेरीज जमली की मग कुणी कुणासोबत खेळायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. दिवाळी झाली की तीन रविवार परीक्षेचे सामने होणार आणि चौथ्या रविवारी तायडे सर वही उघडून दर्जे वाचून दाखवणार. अकरा वर्षं हे असंच चालू होतं, आणि या अकरा वर्षांत सहाच्या सहा संघ कधी ना कधी जिंकले होते. धर्मपालला याचा फार अभिमान होता.

जगात सगळीकडे माणूस आहे त्याहून मोठा दिसायला धडपडतो. या मैदानावर मात्र उलटी गंगा. इथं ज्याला त्याला खालचा दर्जा हवा. अ दर्जाचा गडी क म्हणून मिळाला की संघाचे दोन गुण वाचतात आणि त्या दोन गुणांत दुसरा एखादा तगडा गडी बसवता येतो. म्हणून परीक्षेच्या सामन्यांत चांगले चांगले लोक डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखे खेळायचे. हातातले चेंडू सोडायचे, सर्व्हिस नेटमध्ये मारायचे, वरून "काय करू बाप्पा, वय झालं" म्हणायचे. याला मैदानावर 'झाकून खेळणं' म्हणतात आणि झाकून खेळणाऱ्याला 'झाक्या'. झाक्या पकडणं हे धर्मपालचं खास काम. तो खेळाडूकडे सामना चालू असताना पाहायचाच, पण सामना संपल्यावर जास्त पाहायचा. जो आता लंगडत होता तो चहाच्या गाडीकडे कसा चालत जातो, बूट काढताना कसा वाकतो, हे सगळं वर्षभर, तारखेसकट वहीत उतरायचं. पकडला गेला की सगळ्यांसमोर नाव वाचून एक वर्ष बाहेर. भीड ही भिकेची बहीण, असं तो म्हणायचा. एकदा त्यानं स्वतःच्या साडूला बाहेर काढलं. धर्मपालची बायको ज्योत्स्ना आणि तिची बहीण सहा महिने एकमेकींशी बोलल्या नाहीत, पण वहीतलं नाव काही बदललं नाही.

एवढा कडकपणा त्याच्यात आला कुठून, तर त्यालाही कारण होतं. धर्मपाल बाळापूर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या बौद्ध वस्तीतला. आई-बाप मजुरीला जायचे. शाळेत असताना जिल्ह्याच्या व्हॉलीबॉल संघाच्या निवडीत त्याचं नाव यादीत लागलं होतं. दुसऱ्या दिवशी यादी पाहिली तर तिथं एका बड्या घरच्या पोराचं नाव, आणि त्या पोराला धड सर्व्हिसही मारता येत नव्हती. धर्मपाल हे कुणाला सांगत नसे, पण विसरलाही नव्हता. पुढं तो शिकला, बार्शीटाकळीच्या एका शाळेत पीटीचा मास्तर झाला, आणि आपल्या हातात जोवर यादी आहे तोवर कुणाच्या खेळाचं खोटं माप होणार नाही, असं त्यानं मनाशी पक्कं ठरवून टाकलं. चांगलीच गोष्ट होती ती. पण चांगल्या गोष्टीचाही माणसाला माज चढतो.

आता गोपाल ढोकणेचं सांगायला हवं. छत्तीस वर्षांपूर्वी अमरावतीला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात दोघांना होस्टेलची एकच खोली मिळाली. गोपाल मूर्तिजापूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. घरून ज्वारीच्या भाकरी आणि तिखटाचा डबा आला की पहिला तुकडा धर्मपालच्या हातावर ठेवायचा. खेळात गोपाल लिफ्टर आणि धर्मपाल शूटर. म्हणजे गोपालनं नेटजवळ बोटांच्या टोकांवर चेंडू झेलून वर उचलायचा आणि धर्मपालनं उडी घेऊन तो पलीकडे हाणायचा. टाळ्या नेहमी शूटरला पडतात. धर्मपालला विद्यापीठाच्या संघात जागा मिळाली, वर्तमानपत्रात फोटो आला. पण त्याला पक्कं ठाऊक होतं की गोपालनं चेंडू दिला नसता तर आपण नुसते हवेत उड्या मारत राहिलो असतो. डोळे मिटून उडी घेतली तरी चेंडू तिथंच सापडायचा, इतके ते हात भरवशाचे होते. गोपालनं पुढं मास्तरकी केली नाही. तो अकोल्यात कृषी विद्यापीठाच्या बियाण्यांच्या प्रयोगशाळेत लागला. उगवण तपासायला ओल्या कागदावर शंभर शंभर दाणे नीट अंतरानं मांडायचे, हे त्याचं काम. बोटांची नजाकत तिथंही उपयोगी पडली.

लीगमध्ये अकरा वर्षं गोपालच्या नावापुढं एकच अक्षर होतं, अ. त्यावर कधी वाद झाला नाही. गोपालनं कधी झाकलंही नाही. "झाकायचं तं बायकोपासून झाकाव," म्हणायचा, "धर्मापासून काय झाकतं माणूस."

गेल्या वर्षीची दिवाळी झाली आणि परीक्षेचा पहिला रविवार आला. गोपालनं उचललेले चेंडू कधी नेटच्या पलीकडे पडले, कधी शूटरच्या पाठीमागं गेले. दोन सर्व्हिस त्यानं नेटमध्ये मारल्या. धर्मपालनं वहीत लिहून ठेवलं आणि सोडून दिलं. एखादा दिवस असा जातोच. दुसऱ्या रविवारीही तेच. गोपाल हसत होता, हात झटकत होता, तळव्यांकडे पाहत होता. सामना संपल्यावर धर्मपाल चहाच्या गाडीपाशी उभा असताना मागं दोघं जण बोलत होते, ते त्याच्या कानावर पडलं. उमरीचा संघ या वर्षी श्यामला घेणार आहे. श्याम म्हणजे वाशिमहून बदलून आलेला एसटीचा ड्रायव्हर, सहा फूट उंच, अ दर्जाचा शूटर. पण उमरीच्या संघात गुण शिल्लक कुठं आहेत, असं एकानं विचारलं. "गोपालभाऊ खाली आला म्हंजे होतेच ना जागा," दुसरा म्हणाला.

गोपाल राहायचा उमरी भागात आणि खेळायचाही उमरीच्याच संघात. धर्मपालच्या हातातला चहा गार झाला. बोलणाऱ्यानं ते सहज म्हटलं होतं की ठरवून, हे त्यानं वळून विचारलं नाही. अकरा वर्षं लोकांची लबाडी शोधायची सवय लागलेला माणूस, त्यानं सुतावरून स्वर्ग गाठला. घरी जाऊन ज्योत्स्नाला म्हणाला, "गोपालनं बी शेवटी रंग दाखवला."

"तुमी त्याले इचारलं काय?" ती म्हणाली.

"चोराले इचारतात काय, तू चोर आहे म्हणून?"

तिसऱ्या रविवारी तो मुद्दाम नेटच्या अगदी जवळ उभा राहिला. सामनाभर गोपालचे हात दगा देत होते. एक चेंडू तर सरळ त्याच्या बोटांमधून निसटून कपाळावर आदळला, आणि पाहणारे खो खो हसले. मग शेवटी शेवटी, मागून आलेला एक अवघड, फिरता चेंडू गोपालनं अर्धवट वळून असा उचलला की धर्मपालच्या अंगावर काटा आला. तोच चेंडू होता तो, अमरावतीचा. उंच, शांत, नेटपासून वीतभर अंतरावर. शूटरनं तो हाणला आणि गुण मिळाला. गोपाल स्वतःच्या हातांकडे पाहत उभा होता. धर्मपालला मात्र जे हवं होतं ते सापडलं. ज्या हातांना हा चेंडू उचलता येतो, त्यांना बाकीचे का येत नाहीत? त्यानं वहीत दोन शब्द लिहिले आणि खाली रेघ मारली.

चौथ्या रविवारी दर्जे वाचताना गोपालचं नाव त्यानं शेवटी ठेवलं.

"गोपाल ढोकणे. दर्जा अ. परीक्षेत झाकून खेळल्याबद्दल एक वर्ष बाहेर."

गोपाल उठून उभा राहिला. "मी झाकून नाई खेळलो, धर्मा."

"मंग मांगच्या रविवारी तो चेंडू कोणं उचलला? माह्या बापानं?"

"तो कसा गेला मलेच माहीत नाई."

दोघं-चौघं हसले. धर्मपालला ते हसणं आपल्या बाजूचं वाटलं. "अन् बाकीचे काहून नाई गेले?"

"थेच तं समजून नाई राहिलं मले."

"छत्तीस वर्षं झाले तुहे हात पाहून राहिलो मी, गोपाल. हाताले काही झालं असतं तं तुह्या आंधी मले दिसलं असतं. मले नको शिकवू."

गोपालनं खाली ठेवलेली पिशवी उचलली. मग म्हणाला, "बराबर आहे. तुही नजर चुकत नसते." त्यानं पिशवी काखेत अडकवली आणि तो निघून गेला. धर्मपालला वाटलं, जाता जाता टोमणा मारून गेला. सगळ्यांदेखत मारलेला तो टोमणा त्याला झोंबला, आणि त्या रागावर त्यानं पुढचे चार महिने काढले.

चार महिने दोघांत बोलणं नव्हतं. भीमनगरातल्या एका लग्नात गोपाल दिसला, तेव्हा धर्मपालनं तोंड फिरवलं. गोपाल जेवत नव्हता, नुसता बसला होता. धर्मपालनं तेही पाहिलं, आणि त्यावरही मनात शेरा मारला की लाज वाटत असेल.

मार्च महिन्यात एका दुपारी गोपालची बायको सीमा धर्मपालच्या घरी आली. ऑटोतून उतरली ती एकटीच. ज्योत्स्नानं पाणी दिलं. सीमानं ते अर्धं प्यायलं आणि पेला हातात तसाच धरून बसली.

"भाऊजी, तुमची वही पायजे होती," ती म्हणाली.

धर्मपालला वाटलं, ही नवऱ्याची रदबदली करायला आली. "वहिनी, वहीतलं मी बदलत नसतो."

"बदलाले नाई आली मी. नागपूरच्या डाक्टरले दाखवाची आहे." तिनं पेला खाली ठेवला. "यायले बिमारी झाली. हातापायाचे स्नायू वाळत जातात म्हणे. पहिले हात, मंग पाय, मंग गिळनं. नाव मोठं आहे त्याचं, वर्षालीनं कागदावर लिहून देलं. दवा नाई त्याले." वर्षाली म्हणजे त्यांची मुलगी, लग्न होऊन नागपूरला असते. "डाक्टरनं इचारलं, हात कमजोर व्हाले कधी सुरवात झाली. नक्की समजलं तं बिमारी किती जोरानं चालून राह्यली थे सांगता येईन म्हणे. मले काही सांगता आलं नाई. यायलेबी आठवत नाई. मंग हे म्हणाले, धर्माले इचार. त्याच्या वहीत सापडन."

ज्योत्स्ना पदर तोंडाशी धरून आत गेली. धर्मपालनं कपाट उघडलं. वह्या वर्षवार लावलेल्या होत्या, त्यामुळं शोधावं लागलं नाही. त्यानं मागच्या वर्षीची वही काढली. प्रत्येक गड्याला एक पान, पानावर रविवारांच्या तारखा, तारखेपुढं दोन-चार शब्द. तो सीमासमोर बसून वाचू लागला. मोठ्यानं वाचायला लागलेला माणूस दुसऱ्या ओळीनंतर मनात वाचू लागला.

जानेवारीचा दुसरा रविवार: डावा अंगठा मागे राहतो, चेंडू उजवीकडे कलतो. फेब्रुवारीचा पहिला: सर्व्हिस कमजोर. फेब्रुवारीचा चौथा: डाव्या हाताची बोटं पूर्ण उघडत नाहीत, आळस? मार्च: पाण्याची बाटली हातातून पडली, हसला. एप्रिल: बुटाची नाडी दुसऱ्याकडून बांधून घेतली, चेष्टेत. मे: चेंडू उचलताना खांदे वर घेतो, मनगटातून जोर नाही. मग पावसाळ्याची सुट्टी. मग दिवाळीनंतरचे तीन रविवार. आणि शेवटी, खाली रेघ मारलेले ते दोन शब्द: झाकतो आहे.

सगळं लिहिलेलं होतं. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरला जे हवं होतं, ते एका पीटी मास्तरानं चौदा महिने आधीपासून तारीखवार टिपून ठेवलं होतं, आणि त्याला ते वाचता आलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथं कळसा काखेत होता आणि माणूस गावाला चोर शोधत फिरत होता.

"मागच्या वर्षीच्या जानेवारीपासून," धर्मपाल म्हणाला. त्यानं वही मिटली. "वहिनी, वही घेऊन जा तुमी. मले नको."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो बार्शीटाकळीहून थेट उमरीला गेला. गोपाल पुढच्या खोलीत खुर्चीवर बसला होता. अंगात नुसता बनियन, शर्टाच्या गुंड्या लावणं आता जमत नव्हतं. हाताच्या अंगठ्याजवळचं मांस आत बसलं होतं, तिथं खळगा पडला होता. सीमानं चहा आणला, धर्मपालला कप दिला, आणि नवऱ्याचा कप स्वतःच्या हातानं त्याच्या ओठांना लावला. धर्मपालला कप उचलवेना.

"घे ना बे चहा," गोपाल म्हणाला. बोलणं जरासं जड झालं होतं. "तुहा हात तं चांगला आहे."

"गोपाल, तो शेवटचा चेंडू..."

"डाक्टरले इचारलं मी थे. सुरवातीले होते म्हणे असं. एखाद्या टायमाले हात पहिल्यासारखा चालते, मंग थकते." तो थोडा हसला. "माहाच हात मले फसवून गेला, तं तुले का फसवणार नाई."

"तू तवाच काहून नाई गेला दवाखान्यात? दिवाळीतच जाव ना."

गोपालच्या आधी सीमाच म्हणाली, "मी म्हणून म्हणून थकली भाऊजी. हे ऐकतच नव्हते."

"कसा जाऊ?" गोपाल म्हणाला. "तू सगळ्यायसमोर म्हणाला ना, हाताले काही झालं असतं तं मले दिसलं असतं. मले बरं वाटलं, खरं सांगतो. घरी येऊन हिले म्हणालो, धर्मा म्हणते हातात काही नाई. त्याची नजर चुकत नसते. म्हंजे माह्याच मनाचे खेळ आहेत. चार महिने मी थेच धरून बसलो."

म्हणजे तो टोमणा नव्हताच. धर्मपालनं कप खाली ठेवला. आधी आला असता तरी फार फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले होते. सीमानं ते त्याला सांगितलंही. पण तेवढ्यानं त्याचं काही हलकं झालं नाही. ज्या माणसानं आयुष्यभर आपल्याला चेंडू बरोबर हातात दिला, त्यानं भीतीच्या वेळी आपल्या शब्दाचा आधार घेतला, आणि तो शब्द खोटा होता. यावर कुठलं औषध नाही.

"सांग, मी काय करू," तो शेवटी म्हणाला. "पाया पडू काय तुह्या?"

"पाया नको पडू. दर्जा ठरव माहा."

"आता कायचा दर्जा बे?"

"आताच." गोपालचा आवाज पहिल्यांदाच चढला. "उमरीत मले झाक्या म्हणतात, माहीत आहे? पानठेल्यावर म्हणतात. प्रयोगशाळेत माह्या हातातून दाणे सांडले, तं एक पोट्टा म्हणाला, ढोकणे साहेब इथंबी झाकून राहिले काय. वर्षालीच्या सासऱ्यापर्यंत गेली गोष्ट. मी मरन तं मरन, धर्मा. सगळेच मरतात. पण झाक्या म्हणून नाई मरत मी. तू नाव लावलं, तूच काढ."

त्या रविवारी धर्मपाल मैदानावर सगळ्यांच्या आधी पोचला. नेट बांधलं. आठवड्यापूर्वीच ऊन तापायला लागलं होतं, पण सकाळ अजून बरी होती. सीमा गोपालला ऑटोतून घेऊन आली. पायही ओढत होता तो आता. अठ्ठेचाळीस जण गोल करून उभे राहिले. धर्मपालनं हातात वही न घेता सांगितलं. आपण काय पाहिलं, काय लिहिलं आणि त्याचा काय अर्थ लावला, ते सगळं सांगितलं. "गोपाल झाकून नव्हता खेळत," तो म्हणाला. "मी आंधळा झालो होतो. त्याचं नाव मी खराब केलं. चूक माही आहे, अन् मी सगळ्यायसमोर कबूल करून राहिलो." अकरा वर्षांत तायडे सरांच्या तोंडून 'चूक माही' हे लोकांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं, कुणाला कुठं पाहावं कळेना.

श्याम पुढं आला. त्याच्यासाठीच हे सगळं झालं, असं चौघं म्हणत होते, ते त्यानं ऐकलं असावं. "सर," तो म्हणाला, "गोपालभाऊले अ द्या. मानाचा. कोणाची ना नाई आमच्यातून."

"हो, हो, देऊन टाका," असं गोलातून दहा जण म्हणाले. धर्मपाललाही तेच हवं होतं. तेवढ्यावर सुटका झाली असती तर त्यानं आनंदानं करून घेतली असती.

गोपालनं मान हलवली. "मानाचा दर्जा नसते ह्या मैदानावर. ह्यानं साडूले नाई देल्ला, मले कायले देते? परीक्षा घे, धर्मा. तीन चेंडू टाक."

"गोपाल, नको."

"टाक म्हणतो ना."

सीमानं नवऱ्याचा हात सोडला आणि ती मागं सरली. गोपाल नेटजवळ आपल्या जागी जाऊन उभा राहिला. धर्मपालनं चेंडू घेतला, पाच पावलं मागं गेला, आणि होस्टेलच्या अंगणात टाकायचा तसा अलगद, वरून टाकला. गोपालचे हात छातीपर्यंत आले. चेंडू त्यांच्यामधून जाऊन छातीवर आपटला. दुसरा धर्मपालनं आणखी हळू टाकला. उजवा हात वर गेला, डावा गेलाच नाही, चेंडू मागं मातीत पडला. कुणीतरी तो उचलून धर्मपालकडे दिला. तिसऱ्या वेळी गोपालनं दात आवळले. दोन्ही हात कसेबसे तोंडासमोर आणले. बोटं उघडली नाहीत. मिटलेल्या बोटांवर चेंडू लागला आणि त्याच्या पायाशी येऊन थांबला.

सगळे धर्मपालकडे पाहत होते. गोपालही पाहत होता, निकालाची वाट पाहणाऱ्या पोरासारखा, अगदी आशेनं.

"गोपाल ढोकणे," धर्मपाल म्हणाला. सवयीनं त्यानं काखेत वही चाचपली, ती तिथं नव्हती. त्यानं पुन्हा सुरुवात केली. "गोपाल ढोकणे. दर्जा ड."

गोपालनं मोठा श्वास सोडला. त्याचे डोळे भरून आले होते, पण चेहरा मोकळा झाला होता.

"पटलं ना आता तुले?" त्यानं विचारलं.

"पटलं," धर्मपाल म्हणाला, आणि सगळ्यांदेखत तोंडावर हात घेऊन रडू लागला. गोपाल पाय ओढत त्याच्याजवळ आला. त्याला त्याच्या पाठीवर हात ठेवायचा होता. हात काही तेवढा वर गेला नाही, म्हणून तो नुसताच त्याला खांद्यानं टेकून उभा राहिला.